संगमावर ड्रोन उडवायच्या आधी एक दिवस नुसतं पायी फिरून ये

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी भुसावळचा. नुकताच अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन घेतला आहे. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, तिथलं जुनं मंदिर आणि माघातली यात्रा वरून टिपायची आहे. सरकारच्या ड्रोन-नकाशावर ती जागा हिरवी दिसते. म्हणजे परवानगीचा प्रश्न मिटला ना? बाकी काय काळजी घेऊ?"

वयानं लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. मी लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली. आता शेतमोजणी करतो, कपाशीवर फवारणी करतो, आणि हौस म्हणून तापीकाठ टिपतो. आजवर तीन ड्रोन माझ्या हातून गेले, त्यातले दोन पाण्यात. त्यामुळे पुढचं सगळं पुस्तकातलं नाही, खिशाला बसलेल्या चटक्यातलं आहे.

नकाशा हिरवा असणं म्हणजे आकाशाची परवानगी. जमिनीची परवानगी वेगळी, आणि तुझी खरी अडचण जमिनीवरच आहे.

आधी आकाशाचं उरकून टाकू. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळं, तिथं हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारल्याशिवाय ड्रोन वर जात नाही. जळगावच्या मेहरूण तलावावर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ड्रोन घेऊन उभा असतो. विमानतळ तिथून किती जवळ आहे हे त्यातल्या किती जणांनी पाहिलं असेल, देव जाणे. चांगदेव त्या कचाट्यात नाही. पण तू भुसावळचा आहेस, म्हणून सांगून ठेवतो. सराव घराजवळ करशील आणि तुझ्या घराजवळच आयुध निर्माणी आहे, पलीकडे वरणगावची आहे, दीपनगरचं वीज केंद्र आहे, रेल्वेचं एवढं मोठं जंक्शन आहे. या जागांच्या आसपास सरावालासुद्धा ड्रोन काढायचा नाही. लाल, म्हणजे उड्डाणाला बंदी असलेल्या, क्षेत्राची परवानगी केंद्र सरकार देतं. ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला ती देता येत नाही.

नकाशा 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन संकेतस्थळावर असतो, तो उडवायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचा. गेल्या महिन्यातला स्क्रीनशॉट कामाचा नाही. बंदोबस्त असला, कुणी मोठा नेता येणार असला, की पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी काही काळापुरतं एखादं क्षेत्र लाल करू शकतो. शिवाय यात्रेच्या दिवसांत जिल्हा प्रशासनाचा वेगळा मनाई आदेश निघू शकतो. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, आणि तिथं तुझा हिरवा नकाशा काही कामाला येत नाही.

आता वजन. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रोला धंद्यासाठी वापरलास तर लागतं. तुझ्या खोक्यावर २४९ लिहिलं असेल, पण त्यावर पंख्यांची जाळी बसवली, जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी घातली, की तो गुपचूप मायक्रो होतो. आपल्या जळगावात सोन्याच्या पेढ्यांची काही कमी नाही. ओळखीच्या सराफाकडे जा आणि ज्या साजासह उडवणार तसाच काट्यावर ठेव. मी तसंच केलं होतं. माझा 'नॅनो' २८० च्या वर निघाला आणि पेढीवरचे शेठ पोट धरून हसले. नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा स्वतःचा ओळख क्रमांक घे, त्याचं शुल्क फक्त १०० रुपये आहे. ड्रोन बिलाशिवाय, कुणाच्या तरी बॅगेतून आलेला असेल तर मात्र नोंदणीतच अडशील. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करायलाच बंदी आहे.

आता जमिनीवर ये.

चांगदेवचं मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या आवारातून ड्रोन उडवणं, आवारात उतरवणं किंवा मंदिराच्या डोक्यावर फिरवणं खात्याच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही. अर्ज मंडळ कार्यालयाकडे जातो, आपल्या भागासाठी ते संभाजीनगरला आहे. तिथं असलेला पहारेकरी चांगला माणूस असतो, चहा पितो, "घ्या काढून पटकन" म्हणतो. ती परवानगी नव्हे. उद्या तुझा व्हिडिओ पसरला तर नोटीस तुला येईल आणि नोकरी त्याची धोक्यात येईल.

इथं पोरं एक गल्लत हमखास करतात. स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित, हे त्यांनी कुठं तरी वाचलेलं असतं. मग म्हणतात, तीनशे मीटर लांब उभा राहिलो की झालं. ते अंतर बांधकाम आणि खोदकामासाठी आहे, ड्रोनसाठी नाही. लांब उभा राहून ड्रोन मंदिरावर नेलास तर तो मंदिरावरच आहे, तू कुठं का उभा असेनास.

माझं स्पष्ट मत सांगतो. मंदिरासाठी ड्रोनची गरजच नाही. त्या काळ्या दगडातलं कोरीव काम डोळ्याच्या उंचीवरून, सकाळच्या तिरप्या उन्हात, हातातल्या कॅमेऱ्यानं जसं येतं तसं ऐंशी मीटरवरून येत नाही. वरून मिळतं ते छप्पर. ड्रोननं टिपायची गोष्ट संगम आहे: दोन नद्या एकत्र येतात, खाली हतनूर धरणाचा फुगवटा पसरलेला असतो आणि पाण्याचा तो अफाट पसारा काठावरून नजरेत मावत नाही. तेव्हा मंदिर सोडून दे, काठापासून दूर जा, ज्याचं शेत असेल त्याला विचारून बांधावर उभा राहा आणि पाण्याकडे तोंड कर. अर्धी भानगड तिथंच संपते.

शेतकऱ्याला विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं. केळीच्या बागेत ड्रोन पडला तर तो शोधताना तुझ्या पायाखाली काय काय मोडतं, ते त्याला दिसतं. पोलीस पाटील आणि सरपंचांना आदल्या दिवशी फोन कर. २०२४ मध्ये मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशा बातम्यांनी गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती. ती भीती अजून विरलेली नाही. अनोळखी पोरगा, कानाला घूं घूं आवाज आणि वर लुकलुकता दिवा, एवढं पुरतं. अंगात फ्लोरोसंट जाकीट घाल, गळ्यात ओळखपत्र अडकव. म्हातारी माणसं जवळ येऊन "काय करून ऱ्हायला रे भाऊ?" म्हणतील. तेव्हा रिमोट हातात धरून मान न वळवता उत्तर द्यायचं नाही. आधी ड्रोन उतरव, मग त्यांना स्क्रीनवर त्यांचं गाव दाखव. पुढच्या वेळी तीच माणसं तुझी राखण करतात.

आता पायी फिरण्याचं, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

सहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. तापीकाठच्या एका घाटावर मी हिवाळ्यात पहाटेच पोचलो. पाण्यावर धुकं होतं, ऊन नुकतं फुटत होतं, असा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. घाटाच्या टोकाला दहा-पंधरा माणसं बसलेली दिसली. असतील आंघोळीला आलेले, असं धरून मी ड्रोन वर सोडला आणि पाच-सात मिनिटं मजेत फिरवत राहिलो. मग त्यातला एक जण चालत आला. मुंडन केलेला, खांद्यावर ओला पंचा. तो रागावला नाही. हात जोडून म्हणाला, "दादा, तेवढं खाली घेता का? कावळा शिवत नाहीये."

त्यांच्या वडिलांचा दहावा होता. पिंड मांडून झाला होता आणि मंडळी अर्धा तास झाडाकडे डोळे लावून बसली होती. कावळे होते, झाडावरच होते. माझ्या यंत्राच्या आवाजानं खाली उतरायला तयार नव्हते. आणि तिकडे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तेच चाललेलं असणार, की वडिलांचं काय राहून गेलं, कोणती इच्छा अडकली. कुणी तरी हळूच नातवाचं नाव घेतलं, कुणी विहिरीच्या हिश्शाचं. मी ड्रोन उतरवला, बॅटरी काढली आणि गाडीत जाऊन बसलो. वीसएक मिनिटांनी कावळा आला. त्या दिवसाचं फुटेज मी ठेवलं नाही.

नदीचा घाट म्हणजे नुसता देखावा नसतो. तिथं अस्थी सोडतात, दहावे होतात, बायका आंघोळी करतात, धुणी धुतात. संगमावर तर हे रोजचंच आहे. वरून कॅमेरा फिरला की त्यांना लपायला जागा नसते. बायकांचं असं चित्रण कायद्यानं गुन्हा आहेच, त्याच न्याय संहितेचं कलम ७७ बघ. पण कलमापर्यंत गोष्ट जायची वाटच कशाला पाहायची? म्हणून म्हणतो, उडवायच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला, रिकाम्या हातानं जा. घाटावर कोण कधी येतं, विधी कुठं होतात, नावाडी कुठून सुटतो ते बघ. गुरुजींना विचारलंस तर उद्या सकाळी कुणाचं काही आहे का, ते सांगतात.

पायी फिरलास की आणखी तीन गोष्टी दिसतील ज्या नकाशावर नसतात.

पहिली, तारा. नदीकाठानं मोटारींच्या वायरी गेलेल्या असतात, कुठं वाकड्या खांबांवर, कुठं झाडाला बांधून. मोठ्या विद्युत वाहिन्या नदी ओलांडतात तिथं दोन मनोऱ्यांमधली तार झोळीसारखी खाली येते. स्क्रीनवर तार दिसत नाही आणि स्वस्त ड्रोनच्या सेन्सरलाही ती दिसत नाही. खांब मोजून ठेवायचे. संक्रांतीच्या आसपास तर नायलॉन मांजाचे तुकडे झाडांवर लोंबत असतात आणि आकाशातही असतात. ते दोन आठवडे मी उडवतच नाही.

दुसरी, आग्या मोहोळ. जुन्या बांधकामाच्या वळचणीला, उंच झाडाला, दरडीच्या कपारीत बघ. ड्रोन जवळ गेला आणि माशा उठल्या तर त्या ड्रोनला चावत नाहीत, खाली उभ्या असलेल्या माणसांना चावतात. मोहोळ दिसलं की त्या बाजूला जायचं नाही, यावर वाद नको.

तिसरी, पाखरं. हतनूरच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात दुरून पाहुणे येतात. चक्रवाक, बदकं, वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे. थव्यावरून ड्रोन नेला की सगळा थवा उठतो आणि व्हिडिओ झकास दिसतो, म्हणूनच लोक मुद्दाम नेतात. हजारो किलोमीटर उडून आलेलं पाखरू तिथं खायला आणि विसाव्याला उतरलेलं असतं, दर अर्ध्या तासानं जीव घेऊन पळायला नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाळूची आणि गाळाची बेटं उघडी पडतात. तिथं नदी सुरय, टिटवी उघड्यावरच अंडी घालतात. आई उठली तर मे महिन्याच्या उन्हात अंड्यांचं काय होतं, ते सांगायला नको. घार मात्र उलट वागते, ती तुझ्यावरच येते. घार घिरट्या घालायला लागली की ड्रोन सरळ वर घे आणि बाजूला हो, कारण ती हल्ला वरून झडप घालून करते. मग शांतपणे परत आण.

तुला पुढे पाटणादेवीलाही जायचं असेल, सगळेच जातात. ते गौताळा अभयारण्यात येतं. तिथं वन विभागाची परवानगी नसेल तर ड्रोन गाडीतून काढायचा नाही. यावल आणि अनेर धरणाच्या अभयारण्यातही तेच. थाळनेरला गेलास तर शिरपूरजवळच्या तांडे धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात, हे ध्यानात ठेव. माणूस बसलेलं विमान दिसलं किंवा नुसतं ऐकू आलं तरी ड्रोन ताबडतोब खाली. वाट त्याची, आपली नाही.

आता पाणी. माझे दोन ड्रोन पाण्यानंच गिळले, म्हणून हे लक्ष देऊन वाच.

ड्रोनच्या पोटाला जे सेन्सर असतात ते खालची जमीन 'बघून' जागा धरतात. माती, गवत, फरशी यांवर काही खुणा असतात. संथ पाण्यावर त्यांना आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, वाहत्या पाण्यावर खुणाच वाहत जातात. मग यंत्र गोंधळतं, प्रवाहाबरोबर सरकतं किंवा हळूहळू खाली बसायला लागतं. मी होडीच्या मागे, पाण्यापासून हातभर उंचीवर चित्रण करत होतो. स्क्रीनवर उंची स्थिर होती. ड्रोन मात्र बुडत गेला, आणि मला कळलं तेव्हा पंख्यांनी पाणी उडवलं होतं. तेव्हापासून पाण्यावर पाच-सहा मीटरच्या खाली मी जात नाही.

उंचीचा आकडा कुठून मोजला जातो तेही समजून घे. स्क्रीनवरची उंची तू जिथून उडवलास तिथून असते. उंच दरडीवरून उडवून पाण्याकडे खाली नेलास तर आकडा उणे होतो, आणि पाणी नेमकं किती खाली आहे हे यंत्राला ठाऊक नसतं. पावसाळ्यात तर हतनूरचे ४१ दरवाजे किती उघडले यावर पाण्याची पातळी हलते. काल ज्या दगडावर उभा होतास तो आज पाण्याखाली असू शकतो. पूर असताना काठाला जायचंच नाही, ड्रोन असो वा नसो.

सिग्नल तुटला तर काय करायचं, याची सेटिंग उडवायच्या आधी बघ. 'जागीच उतर' असं असेल तर नदीवर त्याचा अर्थ 'जागीच बुड' असा होतो. 'घरी परत ये' ठेव, आणि परतीची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडा-मनोऱ्यापेक्षा वीसएक मीटर जास्त ठेव. होडीतून उडवलास तर 'घर' नदीच्या मध्यात नोंदलं जातं आणि होडी तोवर पुढे गेलेली असते. नवख्यानं होडीतून उडवूच नये. घाटाच्या लोखंडी कठड्याजवळ, सळया घातलेल्या काँक्रीटवर होकायंत्र बिघडतं. चार पावलं मातीत जा आणि खाली गोणपाट अंथर, नाहीतर आपली काळी माती मोटरमध्ये जाते.

तापी पश्चिमेला वाहते आणि उन्हाळा संपता संपता वारा पश्चिमेकडूनच खोऱ्यात शिरतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे येताना वारा पाठीशी असेल. उलटं केलंस तर बॅटरी ३० टक्क्यांवर असताना समोरचा वारा लागतो आणि काठ जवळ येता येत नाही. मी ४० टक्क्यांवर परत फिरतो. मार्च ते जून दुपारी बंद. बहुतेक ड्रोन ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि भुसावळचं ऊन तुला मी काय सांगू? बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेली बॅटरी संध्याकाळी फुगलेली मिळते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही महाग असो.

यात्रेचं शेवटी ठेवलं, कारण उत्तर तुला आवडणार नाही. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगर-चांगदेवला दिंड्या येतात, पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीवर ड्रोन नेऊ नकोस. पाव किलोचा का असेना, साठ मीटरवरून कुणाच्या डोक्यात पडला तर दगडच आहे, आणि गर्दीत एक माणूस किंचाळला की चेंगराचेंगरी व्हायला वेळ लागत नाही. आयोजकांनी आणि पोलिसांनी लेखी सांगितलं असेल, उतरायला मोकळी जागा राखली असेल आणि सोबत आकाशाकडे नजर ठेवणारा दुसरा माणूस असेल, तर गर्दीच्या कडेनं, तिरक्या कोनातून घे. एरवी दिंडी गावाबाहेरच्या रस्त्यावर असताना, शेतावरून, बाजूनं घे. पताका उन्हात दिसतात आणि टाळ-मृदंगात तुझ्या घूं घूंची लुडबुड होत नाही. दुसरा माणूस मात्र एरवीही हवा. एवढासा ड्रोन तीनशे मीटरपलीकडे डोळ्यांना दिसत नाही, आणि तुझे डोळे स्क्रीनवर असतात.

आणि तरीही कधी पडलाच पाण्यात, तर मागे उडी मारू नकोस. फुगवट्याच्या तळाशी गाळ आहे, पाय रुतला की निघत नाही. काठावरच्या भोई मंडळींना सांग. त्यांना तळ माहीत असतो, आणि गळ टाकून ते तास-दोन तासांत काढून देतात. ठरवून पैसे दे, घासाघीस करू नकोस. कुणाला इजा झाली असेल किंवा कुणाचं नुकसान झालं असेल, तर अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर द्यायची असते. मेमरी कार्ड पुसून वाळव, बहुतेक वेळा वाचतं. बॅटरी मात्र घरात आणायची नाही आणि वाळली म्हणून चार्जिंगला लावायची नाही. अंगणात, वाळू भरलेल्या बादलीत ठेव.